हिशेब घेतला का?

गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘हिशेब घेतला’ असे शब्द येत. अमक्याने हिशेब घेतला, म्हणजे तो गिरणी सोडून गेला आणि जाताना आपले उरलेसुरले पैसे पदरात पाडून घेतले. नोकरी सोडणे आणि पैसे मिळणे या दोन गोष्टी या शब्दांत एकत्र आल्या आहेत. प्रत्यक्षात मात्र त्या सहसा एकत्र येत नसत. आजही नोटिशीची मुदत न भरता राजीनामा देणाऱ्या तरुणाला ‘तुमचा शेवटचा पगार मिळणार नाही’ असे सहज सुनावले जाते आणि तोही ते निमूटपणे मान्य करतो. आपणच नियम मोडला, मग पैसे कोणत्या तोंडाने मागायचे, असे त्याला वाटते. ही समजूत आली कुठून, याचा शोध घेऊ लागलो की आपण मुंबईच्या पहिल्या गिरण्यांपाशी जाऊन पोहोचतो.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरली. पुढे सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे गेले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना माहीत आहे. दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचाही उल्लेख होतो. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, ही ती मागणी.

ही मागणी वरवर पाहता किरकोळ वाटते. तिच्यामागचे गणित मांडून पाहू. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे फेब्रुवारीच्या मध्यावर हाती आले, तर तोवर फेब्रुवारीचेही अर्धे काम झालेले असते. म्हणजे पगार घेण्याच्या आदल्या दिवशी कामगाराचे जवळजवळ दीड महिन्याचे पैसे गिरणीकडे असतात आणि पगार घेतल्यावरही पंधरवड्याचे उरतातच. पंधरा तारीख ही कामगारांनी मागितलेली कमाल मर्यादा होती. त्यावरून प्रत्यक्षात पगार किती लांबत असेल, याचा अंदाज येतो. तोवर घर चालायचे ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर.

हे तुंबलेले पैसे गिरणीमालकाच्या दृष्टीने अनामतच होते. कामगार बहुतेक रत्नागिरी, सातारा, कुलाबा या भागांतले. पेरणीला, कापणीला, लग्नकार्याला, घरच्या आजारपणाला त्यांना गावी जावेच लागे. महिनाभर आधी नोटीस द्यायची हा गिरणीचा दंडक. पण गावाहून आलेले पत्र महिनाभर थांबायचे नाही. न सांगता गेला, तर मागे राहिलेला पगार बुडायचा. म्हणून कित्येक जण आपल्या जागी ओळखीचा बदलीवाला उभा करून गावची वाट धरत. जागा राखण्याचा तो मार्ग होता आणि त्याची किल्ली मुकादमाच्या हाती असे.

इथे त्या काळचा एक कायदा शेजारी ठेवून पाहावा. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, उचल घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येत असे. उचल परत कर किंवा काम पुरे कर, असा हुकूम व्हायचा; तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. त्या मजुराने निदान पैसे आगाऊ घेतलेले असत. गिरणीत नेमके उलटे होते. तिथे कामगारानेच आपले श्रम आगाऊ दिलेले होते. देणेकरी मालक होता, आणि तरी सोडून जाण्याची शिक्षा भोगायची ती येणेकऱ्यानेच.

ही रीत अटळ नव्हती, हे एका भयंकर प्रसंगाने दाखवून दिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि माणसे जिवाच्या भीतीने शहर सोडू लागली. गिरण्यांना हात मिळेनात. उद्या आपण जिवंत असू की नाही, याची खात्री नसलेला माणूस पुढच्या महिन्याच्या पगारावर कसा विसंबेल? कामगारांनी रोजच्या रोज मजुरी मागितली आणि ती त्यांना मिळाली. हिशेब रोज करणे अशक्य आहे, ही सबब तेवढ्या दिवसांपुरती गळून पडली. त्याच साथीत, फेब्रुवारी १८९७ मध्ये, लोखंडे यांचा अंत झाला. साथ ओसरली आणि महिन्याचा पगार पुन्हा मागे राहू लागला.

१८५९ चा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ मध्ये झाला. काम सोडले म्हणून तुरुंगात घालण्याचा तो मार्ग बंद झाला, पण पगार अडवण्याचा उघडाच राहिला. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाचे ना. म. जोशी हे एक सदस्य होते. आयोगाने १९३१ च्या अहवालात म्हटले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. पगार उशिरा मिळणे हे या कर्जाचे एकमेव कारण नव्हते, पण ते एक कारण निश्चित होते.

यानंतर आला १९३६ चा वेतन प्रदान कायदा. तो २८ मार्च १९३७ पासून लागू झाला. सुरुवातीला तो कारखाने आणि रेल्वे यांतल्या, महिना दोनशे रुपयांच्या आतल्या पगारदारांपुरता होता. हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत आणि जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यायचा, असे त्याने ठरवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायद्यात लिहिलेल्या कारणांखेरीज पगारातून एक पैही कापता येणार नाही, असे त्याने सांगितले. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच. पैसे कापले तर सहा महिन्यांत दाद मागायची सोय होती आणि कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला होता.

पण दोन फटी राहिल्या. पहिली अशी : दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, योग्य नोटिशीविना आणि सबळ कारणाविना गैरहजर राहिले, तर करारात तसे असल्यास नोटिशीपोटी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. रोख उघडच संपाकडे होता. तरी तिथेही आठ दिवसांची मर्यादा होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुसरी फट अधिक दूरगामी. मालकाने कामावरून काढले, तर कामाच्या दुसऱ्या दिवसाच्या आत पैसे द्यायचे, असे कलम होते. स्वतःहून सोडणाऱ्याचा त्यात उल्लेखच नव्हता. त्याला नेहमीच्या पगाराच्या तारखेपर्यंत थांबणे भाग होते, आणि प्रत्यक्षात ‘नंतर या’ असे सांगायला कचेरीला तेवढे पुरे होई.

ही फट बुजायला त्र्याऐंशी वर्षे लागली. २०१९ च्या वेतन संहितेत काढलेल्यांच्या आणि कपात झालेल्यांच्या बरोबरीने राजीनामा दिलेल्यांचा उल्लेख आला. त्यांचे वेतनही कामाच्या दोन दिवसांत द्यायचे आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

मग नोटिशीचे काय? करार केला असेल तर नोटीस देणे हे कर्तव्यच आहे आणि ते मोडल्यास मालक भरपाई मागू शकतो. पण १८७२ च्या करार कायद्यानेही अशी भरपाई वाजवी असावी लागते. करारात छापलेला आकडा ही फार तर तिची कमाल मर्यादा. म्हणजे खाती दोन आहेत. एकात केलेल्या कामाचा पगार, दुसऱ्यात न भरलेली नोटीस. दुसऱ्या खात्यात काही निघत असेल म्हणून पहिले खाते गिळून टाकता येत नाही. भविष्यनिर्वाह निधीला तर जप्तीपासूनही संरक्षण आहे. सलग पाच वर्षे नोकरी करून राजीनामा देणाऱ्याला कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते. नोटीस न भरणे हे ती बुडवण्याचे कारण त्या कायद्यात नाही.

१८८४ च्या सभेतल्या त्या माणसांनी दान मागितले नव्हते. जे काम होऊन गेले, ज्याचे कापड विकलेही गेले असेल, त्याचे पैसे वेळेवर द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आज नोटीस न भरता निघालेल्या मुलाने किंवा मुलीने आपले चुकले असेल तेवढे कबूल करावे, नोटिशीचा आकडा लेखी मागावा, आणि केलेल्या दिवसांचा पगारही लेखीच मागावा. हिशेब घ्यावा; तो सोडून येऊ नये.