दूध-भात आणि मांजराचे डोळे

मी माणसांचा डॉक्टर. तरीही त्र्यंबकेश्वरहून रक्तदाब तपासायला येणाऱ्या एका आजींनी परवा जाता जाता विचारलं, "डॉक्टर, आमची मनी दाराच्या चौकटीला धडकते. वयामुळं असेल का?" मनी सहा वर्षांची. घर शाकाहारी, त्यामुळे रोज दूध-भात. कुत्र्यांच्या भीतीनं तीन वर्षांपासून तिचं बाहेर जाणंही बंद. "पण डोळे तर पूर्वीपेक्षा जास्त चमकतात हो," आजी म्हणाल्या.

ती चमकच मला खटकली. त्यामागची गोष्ट तुम्हालाही सांगण्यासारखी आहे.

१८२७ साली टिडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून एक पदार्थ वेगळा केला. पुढे त्याला 'टॉरिन' नाव पडलं. लॅटिनमध्ये टॉरस म्हणजे बैल. जवळजवळ दीडशे वर्षं हा पदार्थ विशेष कामाचा आहे असं कुणाला वाटलं नाही. मग १९७५ मध्ये अमेरिकेत हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की प्रथिन म्हणून फक्त केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, खाणाऱ्या मांजरांचा डोळ्याचा पडदा झिजत जातो आणि त्यांच्या शरीरात कमी पडलेलं असतं ते टॉरिन.

आपण टॉरिन शरीरात तयार करू शकतो. त्यामुळे शाकाहारी वाचकांनी स्वतःच्या डोळ्यांची काळजी करू नये. मांजराला मात्र ते पुरेसं बनवता येत नाही, आणि पित्तावाटे ते सतत खर्च होत राहतं. मांस, मासे आणि उंदीर यांत ते भरपूर असतं. गाईच्या दुधात अगदी थोडं, भातात नाहीच.

मग आपल्या आजोळची मांजरं दूध-भातावर कशी जगली? ती दूध-भातावर जगतच नव्हती. धान्याच्या कणगीमागचे उंदीर ती स्वतः मिळवत होती. बशीतलं दूध हा वरचा खाऊ. आपण दार लावून घेतलं आणि खाऊ तेवढा शिल्लक ठेवला. (मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथं डोळे मिटले ते आपले.)

१९८७ मध्ये पियॉन यांनी कॅलिफोर्नियात आणखी एक धक्का दिला. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदयही फुगून दुबळं होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारू शकतं. तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांतही हे सापडल्यावर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. कुत्र्यांचं खाद्य मात्र मांजराला चालत नाही.

पडद्याची झीज परत भरून येत नाही, फक्त थांबवता येते. म्हणून लवकर ओळखा: उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहतात, उडीचा अंदाज चुकतो, आणि पडदा पातळ झाल्यानं मागच्या आरशासारख्या थरावरून प्रकाश जास्त परततो. आजींना दिसली ती हीच चमक.

म्हाताऱ्या मांजराला एका रात्रीत दिसेनासं झालं तर रक्तदाब हे मोठं कारण. हो, मांजरांनाही होतो! डोळा लाल, अर्धवट मिटलेला असेल तर घरातले उरलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं, पण जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा, ही समजूत काही गेलेली नाही. आजींना मी तिथेच पाठवलं, जनावरांच्या दवाखान्यात. मांस शिजवणं त्यांच्या घरी शक्य नव्हतं. मांजरांचं तयार खाद्य आणायला त्या कबूल झाल्या, वेगळ्या ताटलीत, मागच्या पडवीत. एवढंच सांगितलं, की ती ताटली रोज त्याच जागी ठेवा.