मुंबईतील अग्निपहारा : टेहळणीपासून इशारापेटीपर्यंत (१८०३-१९४४)

प्रास्ताविक

वणवा दूरवरून दिसावा म्हणून वनक्षेत्रात उंच टेहळणी मनोरे उभारले जातात. नागरी वस्तीतही ही प्रथा होती. इस्तंबूल येथे १८२८ मध्ये बांधलेला दगडी बेयाझित मनोरा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. आग दिसणे आणि तिची नेमकी वर्दी पोहोचणे या दोन भिन्न क्रिया आहेत. मुंबईच्या इतिहासाच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अग्निशमन व्यवस्थेची जडणघडण

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी फोर्टमध्ये लागलेल्या आगीत तटबंदीच्या आतील वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर तटाबाहेरील वस्तीच्या वाढीस चालना मिळाली. १८५५ मध्ये पोलिसांच्या अखत्यारीत अर्धवेळ अग्निशमन व्यवस्था सुरू झाली. १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने ही जबाबदारी पालिकेकडे आली व १८९० मध्ये लंडन अग्निशमन दलातील डब्ल्यू. निकोल्स यांची प्रमुखपदी नेमणूक झाली. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांचा विस्तार होत असतानाच, १९०७ मध्ये घोड्यांच्या बंबांच्या जोडीला मोटारबंब आला. १९१३ मध्ये रस्त्यांवर विजेच्या इशारापेट्या बसविण्यात आल्या. काच फोडताच केंद्राला आगीचे ठिकाण कळे. आगीचे स्वरूप मात्र कळत नसे.

१४ एप्रिल १९४४

या उणिवेची किंमत व्हिक्टोरिया गोदीत मोजावी लागली. १२ एप्रिल रोजी कराचीमार्गे आलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व कापसाच्या हजारो गासड्या होत्या. स्फोटकांची खूण असलेला लाल बावटा जहाजावर फडकत नव्हता. दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील लोकांना धूर दिसला होता; पण कोणीही वर्दी दिली नाही. दोनच्या सुमारास क्रमांक दोनच्या कोठारातील आग लक्षात आली. आग गंभीर असल्याचा दूरध्वनी संदेश जाण्याऐवजी इशारापेटीच वाजविली गेली. साहजिकच केंद्राने नेहमीप्रमाणे दोनच बंब धाडले. पुढे अधिक बंब आले, परंतु ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सुमारे १,७०० किलोमीटरवरील शिमला येथील भूकंपमापकावर या हादऱ्याची नोंद झाली. मृतांच्या संख्येबाबत अभ्यासकांत एकमत नाही. अंदाज ८०० ते १,३०० असे आहेत. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते.

समारोप

या दुर्घटनेत पाहणाऱ्यांची वाण नव्हती. धूर दिसला होता, यंत्रणाही होती आणि जवानांनी कर्तव्यात कसूर केली नाही. परंतु बावटा, वर्दी व संदेश हे तिन्ही दुवे एकामागून एक निखळले. मनोऱ्यावरील पहारेकरी ज्वाळा पाहून तिची व्याप्ती सांगू शकत असे. इशारापेटीने वेग वाढविला, पण त्या साक्षीची जागा तिला घेता आली नाही. १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि भायखळ्याच्या मुख्यालयात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. त्या स्मरणात शौर्याबरोबरच अचूक वर्दीचे मोलही अधोरेखित व्हावयास हवे. कारण त्या ६६ जणांपैकी पहिले जवान धक्क्यावर निघाले, तेव्हा आपण कोणत्या आगीकडे जात आहोत हे त्यांना सांगितले गेले नव्हते.