पाण्यात बुडवलेला चेहरा : फ्रीस्टाइलचा थोडा इतिहास

जलतरणाच्या नियमांत 'फ्रीस्टाइल' हे कोणत्याही शैलीचे नाव नाही. स्पर्धकाने वाटेल त्या प्रकारे पोहावे, एवढीच मुभा त्या शब्दात आहे. तरीही गेली शंभर वर्षे या मोकळिकीत उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रकार पोहत आला आहे : क्रॉल. मुक्तछंद शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना याचे नवल वाटू नये. मोकळीक मिळाली की सगळे एकाच वळणाने लिहू लागतात, हे आम्ही पुष्कळ वह्यांतून पाहिले आहे. मात्र हे पाण्यातले वळण कोणाकडून आले आणि युरोपने ते इतक्या उशिरा का घेतले, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. नवशिक्याची अडचण आणि युरोपची अडचण बऱ्याच अंशी एकच होती, हे त्याच्या उत्तरातून दिसते.

ती अडचण म्हणजे डोके. पाण्यात उतरलेला माणूस प्रथम तोंड वर धरतो. गावच्या विहिरीत पाठीला भोपळा किंवा डबा बांधून शिकलेली आमच्याकडची मुलेही मान ताठ ठेवूनच हात मारतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या भीतीला शिष्टाचाराचे रूप आले होते. ब्रेस्टस्ट्रोक हेच सभ्य पोहणे : चेहरा कोरडा, हालचाल संथ, पाणी न उडवता.

१८४४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीचे दोन पुरुष लंडनच्या होबर्न येथील स्नानगृहात शर्यतीसाठी उतरले. वृत्तपत्रांनी त्यांची नावे 'फ्लाइंग गल' आणि 'टोबॅको' अशी दिली आहेत. सुमारे १३० फुटांचे अंतर त्यांनी अर्ध्या मिनिटात कापले. वार्ताहराला त्यांचे हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे दिसले, आणि ही रीत युरोपीय नव्हे, असा त्याने निर्वाळा दिला. पुढे एका इंग्रज जलतरणपटूने ब्रेस्टस्ट्रोकनेच त्यांना हरवले म्हणतात. तेव्हा शिकण्याजोगे काही उरलेच नाही! वास्तविक हात पाण्याबाहेरून पुढे टाकण्याची रीत अतिप्राचीन. ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातली इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली शिल्पे आहेत. त्यांत नदी ओलांडणारा एक जण एक हात पुढे फेकून पोहतो आहे.

मग जॉन ट्रजन आला. बालपणी अर्जेंटिनात असताना तिथल्या स्थानिक लोकांचे पाहून तो हात आळीपाळीने बाहेर काढायला शिकला. १८७३ मध्ये लंडनच्या लँबेथ येथे त्याने ही रीत दाखवली आणि शैलीला त्याचेच नाव मिळाले. ज्यांच्याकडून तो शिकला ते मात्र निनावी राहिले. त्याने हात घेतले, पाय जुनेच ठेवले : कात्रीसारखी लाथ, आणि डोके उंच. ही अर्धी उसनवारी वेगवान होती, पण दमवणारी. कारण साधे आहे. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते. डोके वर उचलले की तराजूच्या दुसऱ्या पारड्याप्रमाणे कंबर आणि पाय खाली जातात. मग आपण पुढे जाण्याऐवजी आपलेच शरीर पाण्यातून ओढत बसतो.

पुढचे पाऊल सिडनीत पडले. सॉलोमन बेटांतल्या रोव्हियाना सरोवराकाठचा अ‍ॅलिक विकहॅम शाळेसाठी तिथे आला होता. शतक पालटण्याच्या सुमारास ब्राँटीच्या समुद्रकाठच्या हौदात तो पोहला, तेव्हा जॉर्ज फार्मर नावाच्या प्रशिक्षकाने पोरगा बघा कसा सरपटतो आहे, असे उद्गार काढले आणि त्यातून 'क्रॉल' हे नाव रूढ झाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच आम्ही ती घेतो. पण तिच्यातली एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. रोव्हियानात या शैलीला 'तपतपाला' असे स्वतःचे नाव होते. जगाने शैली घेतली आणि नाव बघ्याचे ठेवले. डिक कॅव्हिलने ती पुढे इंग्लंडात नेली. १९०२ मध्ये शंभर यार्ड एका मिनिटाच्या आत पोहून त्याने जुन्या लाथेचा निकाल लावला. आता लाथ कमरेतून, पाय जवळपास सरळ, घोटे सैल. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय मारणारा नवशिका आजही ट्रजनच्याच काळात अडकलेला असतो.

हवाईचा ड्यूक काहानामोकू १९१२ साली स्टॉकहोममध्ये शंभर मीटरचा विजेता झाला, तोवर वेगाचा वाद मिटला होता. दमाचा मिटला नव्हता. क्रॉल ही थोड्या अंतराची मारामारी, लांब पल्ल्याला ब्रेस्टस्ट्रोकच, अशी समजूत होती. मॅथ्यू वेबने १८७५ मध्ये तसाच इंग्लिश खाडी ओलांडली होती, पावणेबावीस तासांत. १९२६ मध्ये गरट्रूड एडर्लीने ती क्रॉलने साडेचौदा तासांच्या आसपास ओलांडली. पुरुषांच्या तोवरच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा हे सुमारे दोन तासांनी कमी होते.

गंमत अशी की १९२२ मध्ये शंभर मीटर प्रथमच एका मिनिटाच्या आत पोहणारा जॉनी वाइसम्युलर डोके उंच धरूनच पोहत असे. १९३२ पासून तो टारझन म्हणून पडद्यावर आला आणि ती ताठ मान जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिली. त्याच्या छातीचे बळ नसलेल्यांनी ती उचलली, तर नाकातोंडात पाणी जाणारच.

प्रत्यक्षात श्वासासाठी डोके उचलावे लागत नाही. खांदे एका कुशीवर वळतात, त्यांच्यासोबत चेहरा वळवला की पुरते. एक डोळा पाण्यातच राहतो. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे गालापाशी पाण्यात लहानसा खळगा पडतो आणि त्यात तोंड मोकळे मिळते. हे साधते ते उच्छ्वास आधीच पाण्यात सोडला असेल तरच. बहुतेक नवशिके दम धरून ठेवतात आणि मान बाहेर काढून एका क्षणात सोडणे आणि घेणे दोन्ही उरकू पाहतात. चार हात मारताच त्यांना धाप लागते ती यामुळे. छातीत हवा असते, पण वापरलेली.

हातांबद्दलची समजूत मात्र नंतरही बदलत राहिली. जेम्स काउन्सिलमनने पाण्याखालून चित्रण करून १९६८ मध्ये जलतरणाच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्या प्रभावाखाली तळहाताने पाण्यात इंग्रजी 'एस' काढण्याचे धडे पुढे कित्येक वर्षे दिले गेले. आता तो आग्रह ओसरला आहे. कोपर उंच ठेवून पाणी मागे लोटा, एवढेच पुष्कळ प्रशिक्षक सांगतात, आणि तेही नंतर. पहिल्या दिवशी मुलांना हौदाच्या काठाला धरून उभे करतात, चेहरा पाण्यात घालायला लावतात आणि बुडबुडे काढायला सांगतात.