चांद्याच्या जंगलाची मोजदाद

चंद्रपूर-गडचिरोली भागातून बसने जाताना सागाची दोन तऱ्हांची जंगले दिसतात. एकात ओळीने लावलेली, जवळजवळ सारख्या जाडीची झाडे. दुसऱ्यात साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह यांची सरमिसळ आणि मध्येमध्ये बांबूची बेटे. यांतले भरलेले जंगल कोणते? जंगलात उभ्या असलेल्या झाडांना वनखात्याच्या भाषेत ‘झाडोरा’ म्हणतात. तो पुरेसा आहे की अपुरा, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात ब्रह्मदेशात होते.

१८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पेगू प्रांतातील सागाची जंगले सोपवण्यात आली. तो हत्तीवर बसून जंगलातून ठरावीक वाटांनी हिंडला. एका हातात बांबूचे चार तुकडे, दुसऱ्या हातात चाकू. सागाचे झाड दिसले की त्याच्या जाडीप्रमाणे योग्य तुकड्यावर एक खाच पाडायची. बुंध्याचा घेर ६ फूट वा अधिक असला तर पहिला वर्ग, साडेचार ते सहा फूट असला तर दुसरा, आणि त्याखाली आणखी दोन वर्ग. दुसऱ्या वर्गातले झाड पहिल्या वर्गात जायला सुमारे २४ वर्षे लागतात, असा अंदाज त्याने बांधला. मग पहिल्या वर्गातली चोविसावा हिस्सा झाडेच दरवर्षी तोडायची. तेवढ्यात खालची झाडे वाढून त्यांची जागा घेतील. मुद्दलाला हात न लावता व्याजावर राहण्याचाच हा हिशेब. इतक्या साध्या साधनांनी इतके मोलाचे उत्तर काढल्याची उदाहरणे विज्ञानात थोडीच असतील.

इकडे १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात समाविष्ट झाला. (आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ पर्यंत चांद्याचाच भाग होता.) रेल्वेला स्लीपर हवे होते. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला आणि घेर मोजून तोड ठरवण्याचा विचार इतर प्रांतांतही पोचला. मात्र पेगूच्या त्या मोजणीतली एक गोष्ट विसरू नये. बांबूच्या तुकड्यांवर खाच फक्त सागासाठी पडत होती.

आता नुसती झाडे मोजली तर काय बिघडते ते पाहू. ६० सेंटिमीटर घेराच्या बुंध्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २८६ चौरस सेंटिमीटर येते. घेर दुप्पट, म्हणजे १२० सेंटिमीटर झाला की क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून एका हेक्टरातील ६० सेंटिमीटरची ८०० झाडे आणि १२० सेंटिमीटरची २०० झाडे यांच्या बुंध्यांनी व्यापलेली जागा सारखीच, सुमारे २३ चौरस मीटर. संख्या चौथाई झाली तरी जंगल ओसाड झाले असे होत नाही. हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे. १७.८४ मीटर लांबीच्या दोरीने वर्तुळ आखले की हेक्टरचा दहावा भाग मिळतो. त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर शिंप्याच्या फितीने जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजावा. हा चमत्कारिक आकडा म्हणजे जुने साडेचार फूटच.

रोपवनात हाच हिशेब मुद्दाम घडवून आणतात. दोन-दोन मीटरवर साग लावला तर हेक्टरी २५०० रोपे बसतात. एकाआड एक तिरक्या ओळी काढल्या की १२५० उरतात आणि पुढच्या विरळण्यांमध्ये ती आणखी कमी होत जातात. सागाला वरून भरपूर उजेड लागतो. विरळणी लांबली तर झाडाचा पर्णसंभार आक्रसतो आणि नंतर जागा मिळूनही तो नीटसा भरत नाही. किती वयाला किती झाडे राखावीत याचे भारत-ब्रह्मदेशातील सागासाठीचे तक्ते लॉरी आणि राम यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केले. जमिनीचा कस त्यात झाडांच्या उंचीवरून ठरवला आहे. कारण दाटीचा परिणाम जाडीवर मोठा होतो, उंचीवर फार थोडा.

माणसाने विरळणी केली नाही तर निसर्ग करतोच. १९६३ मध्ये जपानमधील योदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दाटीत वाढणाऱ्या वनस्पतींची संख्या चौथाई होईपर्यंत उरलेल्यांचे सरासरी वजन साधारण आठपट होते. लांबी दुप्पट झाली तर जागा चौपट लागते आणि घनफळ आठपट होते, एवढे भूमितीचे ज्ञान त्यामागे पुरते. म्हणून विरळणीत पडलेली झाडे पाहून लगेच हळहळू नये.

हळहळ वाटावी असे दुसरेच काही घडले. १९७४ मध्ये महाराष्ट्राचे वन विकास महामंडळ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांत मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची रोपवने उभी राहिली. तक्त्याप्रमाणे ती भरलेली. पण ज्या गावाला मोहाची फुले आणि तेंदूची पाने वेचायची आहेत, त्याच्या लेखी ती रिकामी. पसरलेला मोह सागाच्या हिशेबात फक्त सावली धरतो! फुलांसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. उपग्रहावरून काढलेल्या नकाशांनीही हा प्रश्न सुटत नाही. पर्णछत्र ७० टक्क्यांवर असले की जंगल ‘अति घनदाट’. ते कशाचे, याला तिथे महत्त्व नाही.

बांबूची गोष्ट तर याहून मजेशीर. तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत, १९२७ च्या वन कायद्यात मात्र २०१७ पर्यंत वृक्ष होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज ठरवले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. यंदा किती बांबू काढायचा, हे तेव्हापासून गावाने ठरवायचे. इथे घेर उपयोगाचा नाही, कारण बांबू पहिल्याच पावसाळ्यात पुरा जाड होतो. वय पाहावे लागते. यंदा आलेले बांबू तोडायचे नसतात आणि गेल्या वर्षीचेही राखायचे असतात. पुढचे वास्ते, म्हणजे कोंब, येतात ते त्यांच्याच मुळांशी.