मनमाड: आलेखावरची एक आडवी रेघ

आलेख म्हटलं की आपल्याला शाळेतला चौकटींचा कागद आठवतो, नाहीतर निवडणुकीच्या निकालादिवशी टीव्हीवर वरखाली होणारे रंगीत खांब. आज ज्या आलेखाबद्दल बोलायचं आहे तो मनमाडवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा रोज निघतो. गाडीत बसलेल्यांनी मात्र तो क्वचितच पाहिलेला असतो. रेल्वेत त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात.

रचना साधी आहे. आडवे चोवीस तास. उभी स्थानकं, एकाखाली एक: इगतपुरी, नाशिक रोड, लासलगाव, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, थेट भुसावळपर्यंत. प्रत्येक स्थानक म्हणजे एक आडवी रेघ आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी. रेघ जितकी खडी, तितकी गाडी वेगात. गाडी थांबली की तिची रेघ स्थानकाच्या रेघेवर आडवी पडते. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा स्थानकावरच छेदल्या पाहिजेत. मधे कुठे छेदल्या, तर कागदावर नुसती फुली, रुळांवर मात्र टक्कर.

अशा आलेखाचं प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधलं. एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाच्या ग्रंथात, 1885 च्या आवृत्तीत, पॅरिस ते ल्योंच्या गाड्यांचा तक्ता आहे. श्रेय इब्री नावाच्या इंजिनिअरला दिलेलं. गंमत बघा, हा मारे नाडीचे ठोके आणि घोड्याची चाल कागदावर उतरवणारा माणूस. नाडी आणि आगगाडी, दोन्ही एकाच पद्धतीनं मांडता येतात, हे त्या काळाला सुचलं.

पण असा तक्ता काढायचा तर सगळ्या स्थानकांचं घड्याळ एक हवं, आणि ते तेव्हा नव्हतं. मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची सुमारे अर्ध्या तासानं पुढे. रेल्वेनं मद्रासची वेळ धरली; गावातलं घड्याळ एक सांगे, फलाटावरचं दुसरं. भारतीय प्रमाणवेळ 1906 साली आली. मुंबई शहरानं आपली जुनी वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नाही, ही जिद्द मला तरी आवडते.

भुसावळच्या कंट्रोलमध्ये सेक्शन कंट्रोलर कानाला फोन लावून बसे. स्टेशन मास्तर सांगणार, अमुक गाडी अमुक वाजता गेली, की इकडे रेघ पुढे सरकणार. आता हे काम संगणकाच्या पडद्यावर होतं, पण चित्र तेच. कोणाच्या वेळेला किती किंमत आहे, हेही त्यात उघड दिसतं. मेल-एक्स्प्रेसची रेघ सरळसोट. पॅसेंजरची जिन्यासारखी. मालगाडी एकेका पायरीवर तासन्‌तास पडून, कारण मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायची असते. इथे कुणी हुकूम वाचून दाखवत नाही. उतारच तो हुकूम असतो.

आता मनमाडकडे येऊ. दौंडची लाईन इथे 1878 मध्ये आली, तीही ब्रॉडगेज. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून औरंगाबाद, जालना, परभणी करत आलेली लाईन मात्र मीटरगेज: दोन रुळांमधलं अंतर एक मीटर, तर मुंबईच्या लाईनीचं पाच फूट सहा इंच. तिकडचा डबा इकडे येऊच शकत नव्हता. म्हणजे एका तक्त्यावरची रेघ मनमाडला संपायची आणि दुसऱ्या तक्त्यावर नवी सुरू व्हायची.

कागदावर या दोन टोकांमध्ये काहीच नाही. जमिनीवर तिथे गाव होतं. मराठवाड्याचा माल हमाल एका वाघिणीतून उतरवत, दुसरीत चढवत. उतारू बोचकी घेऊन फलाट बदलत, रात्र काढत, चहा पीत, शिदोरी सोडत. मनमाडची बरीच रोजी-रोटी दोन आलेखांच्या मधल्या या कोऱ्या जागेवर उभी होती.

1990 च्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकली गेली. मराठवाड्याच्या दृष्टीनं हे व्हायलाच हवं होतं. मुंबईला जाताना मध्यरात्री मनमाडला सामान ओढणं ज्यांनी भोगलंय, त्यांना विचारा. गाडी सरळ जाऊ लागली, रेघ जोडली गेली, तक्ता देखणा झाला. पण बदलीच्या हमालीवर जगणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला त्या कागदावर जागाच नव्हती, कारण ते आधीही त्यावर कधी नव्हते.

आजही मनमाडला अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत. धान्याचा रेक लागला की वेळ मोजायला सुरुवात होते. ठरलेल्या मुदतीत रिकामा झाला नाही तर तासांच्या हिशेबानं डेमरेज. पडद्यावर तेवढा वेळ एक आडवी रेघ दिसते. त्या वेळात गोणी पाठीवर घेतलेली माणसं वाघीण ते गोदाम, गोदाम ते वाघीण अशा खेपा घालत असतात.