काचेच्या टाकीतील शेजार : एका व्यावहारिक प्रश्नाचा इतिहास

घरगुती मत्स्यालयात कोणत्या माशाच्या सोबतीस कोणता मासा ठेवावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी केवळ हौसेचा आहे. विद्यापीठीय इतिहासलेखनाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही असेल, हे चटकन पटण्यासारखे नाही. तथापि विसाव्या शतकातील प्राणिवर्तनशास्त्रात जो वाद शास्त्राच्या सीमा ओलांडून सर्वांत दूरवर पोचला, त्याचा पुरावा बऱ्याच अंशी गोड्या पाण्यातील माशांच्या काचेच्या टाक्यांतूनच गोळा झालेला होता. आक्रमकता ही प्राण्याच्या अंतरंगात आपोआप साठत जाणारी शक्ती आहे, की बाह्य परिस्थितीला दिलेले ते उत्तर आहे, असा तो वाद होता. ज्या टाकीत हा पुरावा जमा झाला, त्या टाकीच्या स्वरूपामुळेच तो कितपत दूषित झाला असावा, हे तपासल्याखेरीज वादाचा निवाडा करणे धोक्याचे ठरते.

आधुनिक मत्स्यालयाचा प्रारंभ सामान्यतः रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगापासून मानला जातो. 1850 साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्याने या प्रयोगाची हकीकत सादर केली. सुमारे बारा गॅलनच्या पात्रात त्याने दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीची कुजकी पाने पाणी नासवू लागली, तेव्हा ती खाण्यासाठी त्याने तळ्यातील गोगलगायी सोडल्या आणि पात्रातील जीवन सुरळीत चालू लागले. मासा, वनस्पती व गोगलगाय यांच्या परस्परावलंबनाचा हा ताळेबंद तत्कालीन सुशिक्षित समाजाला इतका भावला की, 1853 मध्ये रीजंट पार्कच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या ग्रंथाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. परंतु वॉरिंग्टनचा समतोल हा वायूंचा आणि अन्नाचा समतोल होता. सोनमासा स्वभावतः कळपात रमणारा असल्यामुळे, टाकीतील दोन रहिवासी एकमेकांना सहन करतील किंवा नाही, हा प्रश्न त्या प्रयोगात उद्भवलाच नाही. एका अर्थी मत्स्यालयाचे शास्त्र सर्वांत सोशिक माशाच्या आधारावर उभे राहिले, आणि पुढच्या पिढ्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

ती किंमत लौकरच दिसू लागली. इंग्लंडच्या ओढ्यांत सहज सापडणारा स्टिकलबॅक हा काटेरी मासा टाकीत आला की विणीच्या हंगामात त्याचा नर इतरांस जगू देत नाही, असा अनुभव सार्वत्रिक होता. 1869 साली पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए याच्याकडे चीनमधून मॅक्रोपोडस हा रंगीत मासा आला. तो टाकीत प्रजोत्पादन करू लागला. त्याचबरोबर त्याचे नर परस्परांचे पर फाडू लागले. सयामचा झुंजीचा मासा तर झुंजीसाठीच पोसलेला. थिओडोर कँटर याने 1849 मध्ये त्याचे वर्णन दुसऱ्या जातीच्या नावाखाली केले. ती चूक चार्ल्स टेट रीगन याने 1909 मध्ये दुरुस्त करून त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे नाव दिले. या माशाबाबत पौर्वात्य व पाश्चात्त्य मत्स्यपालकांचे उत्तर एकच होते: प्रत्येक नराला स्वतंत्र बरणी. शेजारच नाहीसा करून शेजाराचा प्रश्न सोडवण्याचा हा मार्ग होता.

सिक्लिड कुळातील मासे युरोपात आल्यावर मात्र बरणीचा उपाय अपुरा पडला. हे मासे जोडी जमवतात, दगडावर किंवा खळग्यात अंडी घालतात, पिलांची राखण करतात आणि त्यासाठी तळाचा एक भाग आपला म्हणून राखतात. हे सगळे पाहण्यासाठीच तर हौशी मंडळी त्यांना पाळत. ते पाहावयाचे असेल तर निदान दोन मासे एकत्र ठेवणे भाग होते. यातून अनुभवाचे एक तोंडी शास्त्र तयार झाले. रंगाने व आकाराने सारख्या दिसणाऱ्या जाती एकत्र ठेवू नयेत. जुन्या रहिवाशाच्या टाकीत नवा मासा सोडण्यापूर्वी दगडांची मांडणी बदलून टाकावी, म्हणजे जुन्याची हद्द पुसली जाते. तळाशी राहणाऱ्याच्या सोबतीस पृष्ठभागालगत पोहणारा मासा द्यावा. विल्यम इनेस याचा फिलाडेल्फियात 1935 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ किंवा त्या सुमाराची मत्स्यपालकांची मासिके चाळली असता, अशा व्यवहारज्ञानाला त्या काळी केवढी मागणी होती हे ध्यानात येते. त्या ज्ञानाला उपपत्ती नव्हती. पण त्यातील बराचसा भाग पुढे खरा ठरला, हे विसरता कामा नये.

उपपत्ती पक्ष्यांच्या अभ्यासातून आली. एलियट हॉवर्ड याने 1920 मध्ये पक्षिजीवनातील स्वक्षेत्राविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि भांडण हे मादीसाठीच असते या रूढ समजुतीला धक्का बसला; भांडणाचा विषय जागा असू शकते, असे दिसू लागले. ही कल्पना माशांना लावण्याचे काम पुढील तीन दशकांत झाले. न्यूयॉर्कमध्ये नोबल व कर्टिस यांनी 1939 साली ज्युवेल फिश या आफ्रिकी सिक्लिडच्या सामाजिक वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधील बेरेंड्स दांपत्याने 1950 मध्ये सिक्लिड वर्तनाची विस्तृत मांडणी केली. परंतु या सर्वांत निर्णायक ठरला तो लायडन येथील निको टिनबर्गनचा साधा प्रयोग. एकाच टाकीत दोन स्टिकलबॅक नरांनी आपापली हद्द आखली होती. टिनबर्गनने दोघांना दोन काचनळ्यांत घातले आणि दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या. पहिला काचेवर तुटून पडू लागला आणि दुसरा पळवाट शोधू लागला. नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेताच भूमिका उलटल्या. मासे तेच, काच तीच. बदलले होते ते फक्त ठिकाण. ‘भांडखोर मासा’ ही संज्ञा या प्रयोगानंतर सैल झाली, कारण भांडखोरपणा माशाइतकाच जागेचाही गुण आहे असे त्यातून दिसले.

कोनराड लोरेंझचा मार्ग येथून वेगळा होतो. मूळ जर्मन ग्रंथ 1963 मध्ये आणि इंग्रजी भाषांतर 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आक्रमकतेवरील पुस्तकात त्याने सिक्लिडपालकांचा एक अनुभव मध्यवर्ती पुरावा म्हणून मांडला. सिक्लिडची एकच जोडी टाकीत एकटी ठेवली, तर नर पुष्कळदा आपल्याच मादीवर हल्ला करतो आणि प्रसंगी तिला ठार करतो. म्हणून अनुभवी पालक टाकीत एखादा बळीचा बकरा ठेवतात. याहून माणुसकीचा उपाय म्हणजे मोठ्या टाकीत मध्ये काच घालून दोन्ही बाजूंस एकेक जोडी ठेवणे. दोन्ही नर शेजाऱ्यावर राग काढतात आणि संसार टिकतात. मधल्या काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की नर मादीशी उद्धटपणे वागू लागतो. काच पुसून स्वच्छ केली की घरात पुन्हा शांतता नांदते. यावरून लोरेंझचे अनुमान असे की, आक्रमकतेचा दाब आतून वाढत असतो आणि बाहेर वाट मिळाली नाही तर तो जवळच्यावर फुटतो.

निरीक्षण अस्सल आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रासा या विदुषीने 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही, शेजाऱ्यांपासून तोडलेल्या जोड्यांत आपसांतील भांडण वाढते आणि प्रजोत्पादनाचे यश घटते, असे आढळले. प्रश्न आहे तो अनुमानाचा. नदीत किंवा तळ्यात मार खाल्लेला मासा काही हात दूर पळतो आणि प्रकरण तेथेच संपते. टाकीत पराभूताला जाण्यास जागाच नसते. तो पळून पळून विजेत्याच्याच हद्दीत राहतो, आणि त्याचे तेथे असणे हेच पुढच्या हल्ल्याचे निमित्त ठरते. ‘आतला दाब’ म्हणून जे मोजले गेले, त्यात चार भिंतींचा वाटा किती होता, याचा हिशेब लोरेंझने पुरेसा केलेला नाही.

हा हिशेब मांडण्याची साधने त्याच्या ग्रंथापूर्वीच उपलब्ध होती, ही गोष्ट चिंतनीय आहे. स्वीडनमध्ये कालेबर्ग याने 1958 साली कृत्रिम प्रवाहाच्या टाकीत सामन व ट्राउट यांच्या पिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तळावर दगड मांडून पिले एकमेकांस दिसेनाशी केली की प्रत्येकाची हद्द आकसते आणि तेवढ्याच जागेत अधिक पिले सामावतात, असे त्याला आढळले. येथे दृष्टिआड झालेल्या शेजाऱ्यामुळे शांतता वाढली. लोरेंझच्या टाकीत तो दृष्टिआड झाल्यावर ती भंगली. दोन्ही निष्कर्षांचा मेळ बसावयाचा तर माशाला पळण्यास व लपण्यास किती जागा होती, हे विचारावेच लागते. पुढे लोरेंझच्याच शिष्यवर्गातील वाल्टर हायलिगेनबर्ग याने क्रेमरच्या सहकार्याने 1972 मध्ये आफ्रिकी सिक्लिडच्या एका जातीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रतिस्पर्धी दृष्टीस न पडता राहिलेल्या नराची हल्ल्याची तयारी वाढण्याऐवजी ओसरत गेली. प्रतिस्पर्ध्याची प्रतिकृती दाखवली की ती पुन्हा वाढली. साठत्या दाबाच्या कल्पनेला हा फार मोठा प्रतिकूल पुरावा होता.

तोपर्यंत ती कल्पना टाकीबाहेर पडली होती. 1966 मध्येच रॉबर्ट आर्ड्री याच्या लोकप्रिय पुस्तकाने स्वक्षेत्राची ओढ मानवाच्या मालमत्तेला व राष्ट्रभावनेला लावली. 1968 मध्ये अ‍ॅश्ली माँटेग्यू याने संपादित केलेल्या लेखसंग्रहात या दोघांवर कडक टीका झाली. युद्ध अटळ आहे की नाही, याविषयी वृत्तपत्रांतून मते मांडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपल्या युक्तिवादाच्या मुळाशी शेवाळलेली एक काच आहे याची जाणीव असावी. 1973 चे नोबेल पारितोषिक लोरेंझ, टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांस मिळाले. वाद मिटला असे मात्र त्यामुळे झाले नाही.

मत्स्यपालनाचा व्यवहार या काळात आपल्या वाटेने चालला होता आणि प्रयोगशाळेशी त्याची देवघेव अधिक निकोप झाली. कॅलिफोर्नियातील जॉर्ज बार्लो याने 1968 मध्ये एका छोट्या निबंधात असे दाखवले की, बुजऱ्या माशांच्या टाकीत वरच्या थरात निर्धास्तपणे फिरणारे निरुपद्रवी मासे सोडले असता बुजरे मासे लपणे सोडून स्वाभाविक वागू लागतात. ही युक्ती आणि तिचे इंग्रजी नाव दोन्ही मत्स्यपालकांनी उचलले. न्यासा, म्हणजे आजच्या मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर अनेक जातींचे सिक्लिड एकमेकांलगत कसे राहतात, याचे वर्णन जेफ्री फ्रायर याने 1959 मध्ये केले होते. हे मासे बाजारात आल्यावर पालकांनी नेहमीच्या नियमाच्या नेमके उलट केले: टाकीत खडकांच्या कपारी रचून ती मुद्दाम दाट भरली. हल्ले अनेकांत वाटले गेले आणि एकाच दुर्बळाचा जीव जाणे टळले. अर्थात दाटीमुळे पाणी लौकर बिघडते, आणि वॉरिंग्टनचा जुना ताळेबंद येथे पुन्हा दारात उभा राहतो.

या इतिहासात भारतीय माशांचेही स्थान आहे. रासाचे प्रयोग ज्या माशावर झाले तो इट्रोप्लस मॅक्युलाटस दक्षिण भारत व श्रीलंकेतला. भारतात सिक्लिडच्या मूळच्या जाती तीनच. त्यांपैकी सर्वांत मोठ्या जातीला बर्लिनच्या ब्लॉखने 1790 मध्ये सुरतेवरून सुरातेन्सिस हे जातिनाम दिले. गोव्यात कालुंदर आणि केरळात करिमीन म्हणून ताटात येणारा मासा तो हाच. वायमन व वॉर्ड यांनी 1972 मध्ये या दोन जातींच्या संबंधाविषयी निबंध प्रसिद्ध केला. लहान मॅक्युलाटस मोठ्या कालुंदराच्या अंगावरील परोपजीवी व बुरशी टिपून खातो आणि कालुंदर ही सेवा स्थिर राहून करून घेतो. येथे दोन सिक्लिड केवळ परस्परांस सहन करीत नाहीत, तर एकाला दुसऱ्याची गरज आहे. टाकीसाठी आदर्श जोडी सापडली, असे यावरून कोणास वाटेल. परंतु त्याच संशोधकांनी श्रीलंकेच्या पाण्यात केलेल्या व 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने चित्र पुरे केले: अंगाची सफाई करणारा हाच शेजारी, संधी मिळताच कालुंदराची अंडी व पिले खातो. उघड्या पाण्यात कालुंदराचे आईबाप त्याला हुसकावतात आणि तो दूर जातो. तीन फुटी टाकीत तो दूर कोठे जाणार, हे पालकाने मासे विकत घेण्यापूर्वीच ठरवावयाचे असते.