सोंगाचे मुखवटे

आपल्या गावच्या बालाजीच्या यात्रेत राक्षसाचे मुखवटे विकावयास येतात. हल्ली ते रबराचे व प्लॅस्टिकचे असतात. पोरे ते घालून एकमेकांना भिववितात आणि चार दिवसांत फेकून देतात. परंतु मुखवटा हे नुसते खेळणे नव्हे. आपल्या महाराष्ट्रात त्याला मोठी परंपरा आहे.

जव्हार, मोखाडा हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. तेथे वारली, कोकणा, महादेव कोळी इत्यादी लोक होळीनंतर उन्हाळ्यात ‘बोहाडा’ करतात. रात्री टेंभे पेटवावयाचे, संबळ-सनई वाजवावयाची आणि एकेक सोंग नाचत आणावयाचे, अशी जुनी रीत. आधी गणपती, सरस्वती. मग रावण, त्राटिका, वेताळ अशी भयंकर तोंडे. शेवटी देवी महिषासुराला मारते. भय गावासमोर आणून हरवावयाचे, असा त्यातला अर्थ मला वाटतो. आपल्या विदर्भातही नागपूरला १८८१ सालापासून काळी मारबत काढतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली इडापिडा तिच्याबरोबर बाहेर घालवितात.

बोहाड्याचे मुखवटे पूर्वी लाकडात कोरीत. ते जड होत. पुढे कागदाच्या लगद्याचे, हलके असे होऊ लागले. हे काम तर आपल्या आई-आजीला ठाऊक होते! कागद भिजत घालून, मेथ्या वाटून त्यात कालवून त्या टोपल्या करीत. मेथीने लगदा चिकट होतो व कीड लागत नाही.

गेल्या वर्षी मुलांच्या नाटकासाठी त्राटिकेचा मुखवटा मी याच रीतीने केला. मातीचे तोंड घडवून त्यावर तेलाचा हात फिरविला, बोटभर जाड लगदा थापला व चांगले कडक ऊन दिले. सुटल्यावर खडूचा हात देऊन काळा, तांबडा रंग लावला व अंबाडीच्या वाखाचे केस चिकटविले. ओसरीवर ते तोंड वाळत असता शेजारचा लहान मुलगा भीतीने आमच्या दारात येईना. मी त्याच्या हाती कुंचला देऊन दात त्यालाच रंगवावयास लावले. दुसऱ्या दिवशी तोच मुखवटा घालून तो आळीभर फिरला!

बोहाड्यात देवीचे सोंगही परंपरेने पुरुषच घेत आले. तरी मुखवट्याचा लगदा मळण्याची विद्या बायकांच्याही हाती होती, ती आता जाऊ पाहत आहे. ज्या वडीलधाऱ्या बायकांना ते काम येते, त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत मंडळात येऊन मुलामुलींना शिकवावे, अशी माझी विनंती आहे. रद्दी व मेथ्या मी आणीन.